पुंगळीच्या चकाकीला भुलू नकोस

बार उडाल्यावर उरलेली काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरायची, तर काळवंडलेली चालते, तडकलेली नाही. म्हणून धुण्याआधी आणि धुतल्यावर प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून बघ. तोंडाशी चीर दिसली की थेट भंगारात. तिथे जीव अडकवायचा नाही.

खरी मेख बुडाजवळ असते. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटलं असेल, तर आतून पितळ पातळ झाल्याची शंका घ्यायची. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून ओढ. खाच लागली, तर पुढच्या बाराला तिचे दोन तुकडे होऊ शकतात. मी हे टाळायचो. एकदा अर्धी पुंगळी बंदुकीच्या चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतच, अडकून बसली, तेव्हा शहाणा झालो.

अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात नको. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं हे पितळ त्याने तडकतं. (ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची.) कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे, फक्त आतून नीट वाळव.

पुढे पुंगळीची मान (तोंडाजवळचा भाग) तापवून मऊ करायला शिकशील, तेव्हा बुडाला आच लागू देऊ नकोस. तिथलं पितळ कडकच हवं. आणि किती वेळा भरल्या ते डब्यावर लिहीत जा.