पेठेतल्या वडिलोपार्जित वाड्याचं छोटं हॉटेल करायचंय. खोल्या अरुंद आहेत, जास्तीत जास्त कशा बसवता येतील?

जुन्या घरांचं इंटिरियर हेच माझं काम, म्हणून सरळ सांगतो. खोल्यांचा आकडा पलंगावर ठरत नाही, बाथरूमवर ठरतो. आराखडा तिथूनच सुरू करा.

वाड्याचं गणित खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, असतं. पार्टिशन घालायचंच तर तुळईखाली, खांबांच्या रेषेत घाला. मध्येच कुठेतरी घातलंत की वरचं कडीपाट, म्हणजे लाकडी छत, तुटल्यासारखं दिसतं आणि दोन्ही खोल्या कोंदट होतात. साधारण पाच-सहा फुटांचा खण धरला, तर दोन खण झोपायला आणि एक बाथरूमला पुरतो.

वरच्या मजल्यावर नेहमीसारखा वीटकोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, घालून बाथरूम करू नका. लाकडी तुळयांवर भलतं ओझं येतं, आणि गळती लागली तर लाकूड आतून कुजेपर्यंत पत्ता लागत नाही. सिमेंट बोर्डाच्या हलक्या भिंती, खाली अखंड फायबरचा ट्रे आणि भिंतीवरचा कमोड घ्या. चार इंची पाइपला चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच उतार लागतो. त्यासाठी बाथरूमची जमीन उचलावी लागते आणि दारात पायरी येते. ती टाळायची तर पाइप आखूड ठेवा, म्हणजे सगळी बाथरूम मागच्या बोळाकडे, एकावर एक घ्या.

कपाटं विकत घेऊच नका! दीड-दोन फुटी भिंतीत फडताळं आणि कोनाडे आयतेच आहेत. फक्त फडताळ जेमतेम फूटभर खोल असतं, त्यात हँगर आडवा मावत नाही. पुढे ओढता येणारा छोटा दांडा लावा, कपडे तोंड समोर करून टांगता येतात. खालच्या फळीवर किटली आणि लॉकर. खुंट्या काढू नका, पाहुणे पिशव्या तिथेच अडकवतात. बॅगा पलंगाखाली जाऊ द्या. वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारू नका, चुन्याच्या नाहीतर मातीच्या जोडकामात विटा सुटतात. पट्टी वरूनच फिरवा, सुबक केली तर शोभते.

एसीची बाहेरची युनिटं चौकात लावायचा मोह होईल. चौक हाच वाड्याचा श्वास, तिथे गरम हवा सोडली तर वरच्या सगळ्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतील.

भिंतीतल्या जिन्यावरून एका वेळी एकच माणूस जातो. अग्निशमनवाले दुसरा जिना मागण्याची शक्यता धरून चाला, म्हणजे एक खोली त्यात गेलीच. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का तेही बघा. पहिल्या श्रेणीत आतले बदलही जवळजवळ बंद असतात, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक मिळते.

आणि फर्निचरची ऑर्डर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकलेले खांबांचे पाय तपासून घ्या. वाळवी आणि ओल तिथेच सुरू होते. खांब बदलायचे निघाले तर निम्मं बजेट त्यातच जाईल, मग पलंग फोल्डिंगचा की साधा हा प्रश्नच उरत नाही.