फ्रेमवर छापलेले 300 ग्रॅम

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच तक्रारीभोवती फिरणारे आहेत: एकाच मॉडेलच्या दोन टेनिस रॅकेट सारख्या का नसतात? म्हणून हे सदर आज तेवढ्यालाच देतो.

मुलगी 16 वर्षांची, स्पर्धा खेळते. तिच्यासाठी एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतल्या. गटिंग (जाळीची तार), तिचा ताण, ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) सगळं सारखं. तरी ती म्हणते, एक हातात बसते आणि दुसरी मागे राहते. मला आधी नखरे वाटले. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, तर एक 319 ग्रॅम आणि दुसरी 327. फ्रेमवर दोन्हींच्या 300 छापलंय. आम्ही फसलो का? (पुणे)

फसला नाहीत, आणि मुलीचे नखरेही नाहीत.

आधी 300चा हिशोब. तो आकडा बहुधा बिनगटिंगच्या फ्रेमचा असतो. गटिंगचे साधारण 16 ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे 5 धरले, तर तुमच्या फ्रेम्स मुळात 298 आणि 306च्या आसपास आहेत. बऱ्याच कंपन्यांत वजनाला अधिक-उणे 7 ग्रॅम आणि बॅलन्सला (रॅकेट जिथे तोलते त्या बिंदूला) अधिक-उणे 7 मिलिमीटर अशी सूट धरली जाते. म्हणजे तुमच्या दोन्ही रॅकेट कंपनीच्या लेखी पास आहेत. छापलेला आकडा हे उद्दिष्ट असतं, त्या विशिष्ट रॅकेटचं मोजमाप नसतं. सूट ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती रॅकेटवर कुठेच लिहीत नाहीत, याबद्दल आहे.

आता ते 8 ग्रॅम आहेत कुठे? मुठीत असतील तर तिला जाणवलेही नसते. हातात रॅकेट फिरते ती मुठीभोवती, त्यामुळे मुठीतलं वजन फिरवायला जवळजवळ फुकट पडतं. तेच वजन टोकाला असेल तर हात लगेच तक्रार करतो. या फिरवण्यातल्या जडपणाला स्विंगवेट म्हणतात. ते बुंध्यापासून, म्हणजे मुठीच्या खालच्या टोकापासून, 10 सेंटिमीटरवरच्या आसाभोवती मोजतात, आणि गटिंग केलेल्या बहुतेक रॅकेट्सचं 300 ते 340 अंकांच्या दरम्यान येतं. टोकाला 1 ग्रॅम लावला की ते तीन-साडेतीनने वाढतं. टोकाचे 3 ग्रॅम म्हणजे 10 अंकांचा फरक, आणि तो सरावातल्या खेळाडूला कळतो.

दोन्ही रॅकेट एका पट्टीच्या कडेवर तोलून बॅलन्स काढा, म्हणजे बुंध्यापासून तोल साधणारा बिंदू किती सेंटिमीटरवर आहे ते. समजा जड रॅकेटचा 33.0 आला आणि हलकीचा 32.6. प्रत्येकीचं वजन गुणिले तिचा बॅलन्स करा, मोठ्यातून लहान वजा करा आणि बाकीला वजनाच्या फरकाने भागा. 327 गुणिले 33.0 म्हणजे 10,791. 319 गुणिले 32.6 म्हणजे 10,399.4. फरक 391.6, भागिले 8, उत्तर 49. हलक्या रॅकेटला बुंध्यापासून 49 सेंटिमीटरवर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना 4-4 ग्रॅम लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावली की वजनही जुळलं आणि बॅलन्सही. स्विंगवेट बाराएक अंकांनी वाढेल. जुळवताना नेहमी हलकीला जड करायचं. उलट जाता येत नाही, फ्रेम तासून ग्रॅम काढता येत नाहीत.

मात्र तिला हलकीच आवडत असेल (कोणती "मागे राहते" ते तुम्ही लिहिलेलं नाही), तर जड रॅकेट दुकानदाराला परत देऊन बदलून मिळते का पाहा. गटिंग झालेली फ्रेम सहसा कोणी परत घेत नाही, पण विचारायला काय जातं? आणि शिशाची टेप लावल्यावर हात धुवा. घरात लहान मूल असेल तर टंगस्टनची टेप मिळते, ती घ्या.

मी ऑटो पार्ट्सच्या धंद्यात आहे. आमच्याकडे मायक्रॉनचा हिशोब चालतो. वीस हजारांच्या आसपासच्या रॅकेटमध्ये 14 ग्रॅमचा पल्ला कसा खपवून घेतात? (नाशिक)

कारण तुम्ही धातू कापता आणि ते कापड गुंडाळतात.

आजच्या कार्बन रॅकेट्स बहुतांशी चीनमधल्या कारखान्यांत बनतात. राळेत भिजवलेल्या कार्बनच्या धाग्यांची पातळ पानं वेगवेगळ्या कोनांत कापतात आणि कामगार ती हाताने एका लांब नळीवर गुंडाळतात. कुठे जादा पट्टी, कुठे कमी, यावर फ्रेमचा ताठपणा ठरतो. ही मऊ नळी साच्यात बसवतात, आत हवेचा दाब देतात आणि साचा तापवतात. राळ वितळते, थोडी साच्याच्या फटीतून बाहेर येते, बाकीची कडक होते. मग कडा घासायच्या, बारीक छिद्रं लांबीने (पुटीने) बुजवायची, पुन्हा घासायचं, भोकं पाडायची, रंगाचे हात द्यायचे. यातल्या प्रत्येक पायरीवर अर्धा-एक ग्रॅम इकडेतिकडे होतो. कोणाचा हात लांबीला सढळ, कोणाचा घासायला. असे ग्रॅम एकमेकांवर चढत जातात.

मग शेवटी तोलतात. फ्रेम हलकी भरली तर मुठीच्या पोकळीत सिलिकॉन घालून वजन सुटीच्या आत आणतात. बॅलन्सही बघतात. पण स्विंगवेट? ते बहुतेक वेळा वाऱ्यावर. आणि वजन व बॅलन्स दोन्ही तंतोतंत जुळूनही स्विंगवेट वेगळं असू शकतं. कावड आठवा. दोन घागरी दांडीच्या टोकांना टांगल्या काय किंवा खांद्यालगत आणून बांधल्या काय, खांद्यावरचं वजन तेच आणि तोलही तोच. पण गर्दीत वळायची वेळ आली की टोकाच्या घागरी वळू देत नाहीत. रॅकेटचंही तसंच: टोकाला जादा रंग आणि मुठीत जादा सिलिकॉन, म्हणजे टोकांना घागरी.

तुमच्या मनात आलेला पुढचा प्रश्न मीच विचारतो: हात वगळून साच्यात ओततच का नाहीत? तसं केलं होतं. मॅकेन्रो आणि श्टेफी ग्राफ ज्या डनलॉप मॅक्स 200जीने खेळले, ती इंजेक्शन मोल्डिंगची होती. लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूच्या गाभ्याभोवती कार्बनचे तुकडे मिसळलेलं नायलॉन ओतायचं आणि नंतर गाभा वितळवून काढून घ्यायचा. तुमच्यासारख्या माणसाला आवडेल अशी युक्ती. पण अखंड लांब धाग्यांची पानं हवी तिथे, हव्या त्या कोनात घालण्याची मुभा ओतकामात नाही. हलकी आणि ताठ फ्रेम हवी म्हटल्यावर हातानेच गुंडाळणं आलं. सूट निम्म्यावर आणता येते, पण मग जास्त फ्रेम्स नापास कराव्या लागतात आणि त्यांची किंमत पास झालेल्यांवर चढते.

टीव्हीवर दिसणारे खेळाडू दुकानातलीच रॅकेट वापरतात का? (सोलापूर)

रंग दुकानातला, आतली फ्रेम पुष्कळदा जुन्या किंवा वेगळ्या साच्यातली. आणि जुळणी तर नक्कीच दुकानातली नाही. सॅम्प्रस 85 चौरस इंच डोक्याची विल्सन प्रो स्टाफ वापरायचा, आणि त्याला त्यातही कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यातल्याच फ्रेम्स हव्या असत. तेच नाव, तोच साचा, पण दुसऱ्या कारखान्यातली नको! त्याच्या रॅकेट्सचं काम पाहणारे नेट फर्ग्युसन यांच्या प्रायॉरिटी वन या संस्थेकडे पुढे फेडररच्या रॅकेट्सही आल्या. अशा ठिकाणी प्रत्येक फ्रेमचं वजन, बॅलन्स आणि स्विंगवेट तिन्ही जुळवतात, मूठही खेळाडूच्या पंजाप्रमाणे घडवतात.

"मेड इन जपान" असेल तर डोळे मिटून घ्यावी का? (ठाणे)

योनेक्सच्या वरच्या मॉडेल्स नीगाता प्रांतातल्या नागाओकाला बनतात आणि एकसारखेपणाबद्दल त्यांचं नाव चांगलं आहे. (1946मध्ये कंपनी सुरू झाली ती मासेमारीच्या जाळ्यांचे लाकडी तरंगे बनवायला. तरंगे तरी सारखे असत का, कोण जाणे.) डोळे मात्र उघडे ठेवा आणि काटा बरोबर न्या. दुकानात गटिंग होण्याआधी चार फ्रेम्स तोलून जवळच्या दोन निवडल्या, तर कोणत्याही कंपनीची जोडी बरी निघते. परदेशातली काही दुकानं थोडे पैसे घेऊन अशी जोडी निवडून देतात. आपल्याकडे दुकानदार आधी विचित्र नजरेने बघतो, मग स्वतःच उत्सुकतेने काट्यावर वाकतो.

स्विंगवेटचं यंत्र नसेल तर घरचा उपाय. वजन आणि बॅलन्स आधी जुळलेले हवेत. रॅकेट उलटी धरून डोक्याच्या टोकाशी फ्रेमखालून विणायची सुई घाला, सुईची दोन टोकं दोन खुर्च्यांवर टेकवा आणि रॅकेटला हलका झोका द्या. जाऊन-येऊन एक, अशा 50 हेलकाव्यांना साधारण 70 सेकंद लागतील. दोन रॅकेट्समध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक सातत्याने आला, तर जिला जास्त वेळ लागतो तिचं स्विंगवेट जास्त. मोबाइलवर तीन-तीनदा मोजा, एकदाच्या मोजणीवर जाऊ नका.

नवीन रॅकेट हलवली की आत खुळखुळतं. खराब आहे का? (कोल्हापूर)

बहुधा नाही. पोकळीत सुटलेला राळेचा कडक कण किंवा मुठीतल्या फोमचा तुकडा असतो. बट कॅपचं (मुठीच्या टोकाच्या टोपीचं) झाकण उघडून, रॅकेट उलटी करून निघतो का बघा. फ्रेमला चीर असेल तर खुळखुळ होत नाही, बोटाच्या पेराने ठोकल्यावर तडकलेल्या मडक्यासारखी बद्द वाजते. तशी वाजली तर गटिंग करायच्या आत परत द्या.

वय 68. आठवड्यातून दोनदा डबल्स. रॅकेट एकच आहे. मला या सगळ्याची काळजी करायला हवी का? (दादर)

नाही. तुमच्या रॅकेटला जुळवायला दुसरी आहेच कुठे? गटिंग शेवटचं कधी बदललं, ते मात्र कळवा.