कांदा बीजोत्पादन : एकरी मधमाशीच्या पेट्या किती ठेवाव्यात? फुलोऱ्यात प्रतिबंधात्मक फवारणी चालू ठेवावी का?

पेट्यांचं आधी सांगतो. एकरी दोन ते तीन मेलिफेरा (परदेशी मधमाशी), सातेरी (देशी मधमाशी) असतील तर चार. गोंड्यातली (फुलांच्या गोल गुच्छातली) साधारण १० टक्के फुलं उमलल्यावरच आणा. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माश्यांना तो मुळातच कमी आवडतो. पेट्या लवकर आणल्या तर त्या शेजारच्या धन्यावर, मोहरीवर लागतात आणि मग कांद्याकडे वळत नाहीत. माशीवाचून इथं भागतही नाही. फुलातला पराग आधी झडतो आणि कुक्षी नंतर तयार होते, त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्याला कामी येत नाही. वाऱ्यावर भिस्त ठेवू नका, पराग चिकट असतो.

आता फवारणी. तुम्ही लिहिलंय की दुकानदार म्हणतो, 'पिकाची लस समजा, रोग नसला तरी दर आठ दिवसांनी घ्या.' हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते साफ चूक आहे. लस निरोगी माणसाला टोचायची असते, म्हणून ती निरोगी माणसांवर आधी तपासतात. घेणाऱ्याला विचारतात. तिचा फायदा बहुतेक वेळा शेजाऱ्यालाही होतो. फुलोऱ्यातल्या फवारणीत फायदा झालाच तर तुमचा, मार मात्र पेटीवाल्याला आणि ज्याच्या फुलांवर याच माश्या जातात त्या दोन किलोमीटरवरच्या डाळिंबवाल्याला. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. रोग समोर नाही आणि ज्याच्यावर धोका ढकलायचा त्याची संमती नाही, तर त्याला खबरदारी म्हणता येत नाही.

दुकानातून सहसा एकच औषध येत नाही, मिश्रण येतं. करप्यासाठी प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि सोबत 'असू द्या' म्हणून लॅम्बडा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक. यातलं पहिलं एकटं माशीला फारसं बाधत नाही. पण सायहॅलोथ्रिनसारखं विष माशी ज्या विकरांनी पचवते त्यांनाच प्रोपिकोनॅझोल अडवतं, म्हणून दुसऱ्याचा घाव कितीतरी वाढतो. सकाळी अकराला असं मिश्रण पडलं की पेटीच्या दाराशी माश्या गोल फिरताना, पाय घासताना दिसतात. मेलेल्यांची सोंड बाहेर लोंबत असते. वरून पिलावा (पोळ्यातली अंडी-अळ्या) शाबूत दिसतो, पण त्याला भरवणाऱ्या माश्या कमी झालेल्या असतात. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं तर फुलोऱ्यात नकोच.

पेटीवाल्यांनाही तेच सांगतो. निरोगी पेट्यांना साखरेच्या पाकातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पाजणं ही त्याच जातीची चूक. सातेरीच्या अळ्यांचा थाई सॅकब्रूड हा रोग विषाणूमुळे होतो, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. अवशेष मात्र मध खाणाऱ्याच्या पोटात जातात. अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मधमाश्यांना हे औषध देता येत नाही. आपल्याकडेही ही शिस्त हवी.

मग करायचं काय? करप्याची प्रतिबंधात्मक फवारणी (मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, सोबत स्टिकर म्हणजे औषध चिकटवणारं द्रावण, कारण कांद्याच्या पातीवर पाणी ठरत नाही) फुलं उमलण्याआधी उरकून घ्या. ती वेळ त्यासाठीच आहे, तिला माझा विरोध नाही. फुलकिडे मोजा: शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीसेक झाडं घ्या, पातीच्या बेचक्या उघडून पाहा. झाडामागे सरासरी ३० च्या खाली असतील तर पंप बाहेर काढू नका. फुलोऱ्यात पाण्याचा ताण देऊ नका, मकरंद आटतो. तुषार नको, ठिबक किंवा सरीने द्या.

पेट्यांना दुपारची सावली हवी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या लागत नाहीत. जवळ पाण्याची पसरट थाळी आणि तिच्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात.

एक मात्र आहे. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, ढग टिकले आणि डेंगळ्यावर (फुलाच्या दांड्यावर) करप्याचे जांभळे चट्टे दिसू लागले तर हट्टाने बसून राहू नका, डेंगळे मोडून बियाणं हातचं जाईल. फक्त बुरशीनाशक घ्या, तेही एकटं, सूर्य मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्या की. पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करा. कीटकनाशक टाळताच आलं नाही तर पेट्या रात्रीच तीन किलोमीटरपेक्षा लांब हलवा. हलवण्याऐवजी दार बंद करून दिवसभर उन्हात ठेवल्या तर आतल्या माश्या उष्म्याने मरतात, आणि तुमच्या शेतातल्या फुलांवर बसायला मग कोणी उरत नाही.