अमेरिकेत डीलरकडून मोटारहोम घेताना किंमत कशी ठरवावी

तुम्ही लिहिले आहे की येत्या जूनमध्ये नोकरीनिमित्त कुटुंबासह अमेरिकेला जात आहात, पहिल्याच उन्हाळ्यात डीलरकडून नवी क्लास सी मोटारहोम (व्हॅन किंवा छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले फिरते घर) घेण्याचा विचार आहे आणि १ लाख २० हजार डॉलर छापील किंमत असलेल्या गाडीवर किती सवलत मागावी, हे तुम्हाला कळत नाही. मी इथे अकरा वर्षे राहतो आणि दोन मोटारहोम डीलरकडूनच घेतल्या. पहिल्या खरेदीत बरेच पैसे हकनाक गेले, दुसऱ्या खरेदीत गेले नाहीत. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नव्या मोटारहोमवर लावलेली छापील किंमत घासाघीस होणार हे धरूनच ठरवलेली असते. क्लास सी गाडीवर २० ते ३० टक्के सवलत मिळणे नवलाचे नाही, म्हणजे तुमच्या गाडीचा सौदा ८४ ते ९६ हजार डॉलरच्या दरम्यान व्हायला हरकत नाही. मात्र हे सर्वस्वी मागणीवर ठरते. २०२१ साली ट्रेलर धरून विक्रमी ६ लाख आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली वाहने, उत्पादकांकडून बाहेर पडल्या, आणि तरीही ग्राहक ताटकळत असल्यामुळे सवलतीचा विषय काढण्याची सोय नव्हती. २०२३ साली तोच आकडा ३ लाख १३ हजारांच्या आसपास उतरला. आवारातल्या गाड्या डीलरने बहुधा कर्ज काढून ठेवलेल्या असतात आणि गाडी विकली जाईपर्यंत त्या कर्जाचे व्याज त्यालाच भरावे लागते. म्हणून चौकशीला जाल तेव्हा चालकाच्या दाराजवळची पट्टी पाहून उत्पादनाचा महिना व वर्ष टिपून घ्या, आणि टायरवर ‘DOT’ या अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही वाचा. ते २३२४ असतील तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. वर्षभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीवर डीलर जितका खाली येतो, तितका गेल्या महिन्यात आलेल्या गाडीवर येत नाही.

यावरून तुमच्या बेताविषयी मला स्पष्ट सांगावेसे वाटते की जूनमध्ये उतरून जुलैत गाडी घेऊ नका. उन्हाळा हा मागणीचा काळ, आणि सुट्टी हातची जाईल या घाईत आलेला ग्राहक विक्रेत्याला लगेच ओळखू येतो. सप्टेंबरमध्ये पेन्सिल्व्हेनियातील हर्शी येथे मोठे आरव्ही प्रदर्शन भरते. तिथे अनेक उत्पादकांच्या गाड्या एकाच आवारात पाहून तुलना करता येते. त्यानंतर थंडीच्या तोंडावर, नव्या वर्षाची मॉडेल्स आलेली असताना, आधीच्या वर्षाच्या उरलेल्या गाडीसाठी बोलणी करावीत. थांबण्याचे दुसरेही कारण आहे. इथली बँक भारतातला सिबिल गुणांक सहसा विचारात घेत नाही. तुमचा पतइतिहास शून्यापासून सुरू होतो आणि पहिल्या महिन्यांत कर्ज मिळालेच तरी चढ्या व्याजाने मिळते.

आता पहिल्या खरेदीत माझे काय चुकले ते सांगतो. छापील किमतीवर २४ टक्के सवलत मिळवली आणि बोलणी संपली असे समजलो. मग आम्हाला कर्जाच्या कागदपत्रांसाठी वेगळ्या खोलीत नेण्यात आले. तिथे वाहतुकीचा खर्च, गाडी तयार करून देण्याचा खर्च, कागदपत्रांचे शुल्क आणि वाढीव सेवा करार अशी एकेक रक्कम पुढे येत गेली, संध्याकाळ झाली, मुले कंटाळली, आणि मी सह्या केल्या. मिळवलेल्या सवलतीचा मोठा हिस्सा त्या एका तासात परत गेला. यातला वाहतूक आणि तयारीचा खर्च पुष्कळदा बोलण्यातून कमी होतो किंवा पूर्ण निघतो. सेवा करार तर ऐच्छिकच असतो, शिवाय त्यावर डीलरचा नफा मोठा असल्याने त्याचीही किंमत कमी करून मागता येते. कर आणि नोंदणी मात्र सरकारी असल्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी सवलतीबद्दल बोललोच नाही. चार डीलरना एकाच मॉडेलसाठी ईमेल केला आणि इतकेच विचारले की सगळी शुल्के, कर आणि नोंदणी धरून गाडी तुमच्या दाराबाहेर नेताना एकूण किती डॉलर द्यावे लागतील, ते तपशीलवार लिहून कळवा. इथे याला ‘आउट द डोअर’ किंमत म्हणतात आणि हा शब्द वापरला की विक्रेत्याला तुमचा रोख समजतो. दोघांनी प्रत्यक्ष भेटल्याशिवाय आकडा देण्यास नकार दिला; त्यांना मी सोडून दिले. उरलेल्या दोघांपैकी स्वस्त आकडा दुसऱ्याला दाखवला आणि त्याने तो आणखी उतरवला.

मासिक हप्ता किती परवडेल, या प्रश्नाला कधीही उत्तर देऊ नका. मोटारहोमचे कर्ज २० वर्षांपर्यंत मिळते, त्यामुळे मुदत लांबवून कोणतीही किंमत सोसण्याजोगी भासवता येते. डीलरमार्फत घेतलेल्या कर्जात बँकेच्या मूळ दरावर त्याचा हिस्सा चढवलेला असू शकतो. ८० हजार डॉलरच्या २० वर्षांच्या कर्जावर ८ ऐवजी ९ टक्के दर लागला तर हप्ता फक्त ५० डॉलरने वाढतो, पण अखेरपर्यंत सुमारे १२ हजार डॉलर जास्त भरले जातात. एखाद्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेकडून) आधीच कर्जमंजुरी घेऊन जा, आणि ती असल्याचे किंमत लेखी ठरल्यावरच सांगा.

इसार द्यावा लागलाच तर तो परत मिळण्याजोगा आहे असे पावतीवर लिहून घ्या. सही झाली की माघार नसते, कारण खरेदी तीन दिवसांत रद्द करण्याचा जो संघराज्य नियम आहे तो डीलरच्या कायमस्वरूपी जागेत घेतलेल्या वाहनाला लागू होत नाही, आणि सदोष वाहनांविषयीचे कायदे बऱ्याच राज्यांत मोटारहोमच्या राहण्याच्या भागाला संरक्षण देत नाहीत. त्यामुळे सौद्यातच अट घाला की स्वतंत्र तपासनीसाकडून गाडी तपासून घेतल्यावरच उरलेली रक्कम दिली जाईल. छपराच्या सांध्यांतील सीलंट, बाहेर सरकणाऱ्या भागाच्या कोपऱ्यांतील ओल, पाण्याचे पंप, गॅस आणि जनरेटर, हे सगळे चालवून पाहावे. नव्या गाडीतही दोष निघतात. माझ्या पहिल्या गाडीत पलंगाखाली पाणी झिरपत होते आणि पैसे देऊन झाल्यावर दुरुस्तीला दोन महिने लागले. दुसऱ्या गाडीतले नऊ दोष मात्र डीलरने आठवड्याभरात दूर केले, कारण तोवर त्याच्या हाती फक्त इसार होता.