एसीएलच्या ऑपरेशनला सहा महिने झाले, वाडीच्या स्पर्धेत कबड्डी खेळू का?

आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. मे अखेरच्या स्पर्धेत उतरू नकोस. एका चढाईपुरताही नको.

वय २२ लिहिलं आहेस, मी तुझ्यापेक्षा बराच मोठा, म्हणून अरे-तुरे करतोय. नोव्हेंबरात डाव्या गुडघ्यातल्या एसीएलचं, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणाऱ्या दोरीचं, ऑपरेशन झालं, आता दुखत नाही, सूज नाही, डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली आणि मुंबईहून आलेली पोरं ‘एक तरी रेड मार’ म्हणून मागे लागलीत, असं तू लिहिलंस. यातलं एकूण एक मी भोगलेलं आहे.

मी गुहागर तालुक्यातला, उजवा कोपरा खेळतो, म्हणजे बचावात उजव्या टोकाला असतो. २०१७ च्या मे महिन्यात मॅटवरच्या सामन्यात रेडरच्या घोट्यावर झेप घेतली. तो वळला, त्याच्याबरोबर माझं अंग फिरलं आणि डावा पाय मात्र जागेवरच राहिला. मातीत पाय जरा तरी सरकतो, मॅट बुटाला धरून ठेवतं. गुडघ्यात टक् झालेलं मला स्वतःला ऐकू आलं. मी चोळून घेतलं, लेप लावला, तीन आठवड्यांत सूज उतरली आणि वाटलं, मुरगळला होता, बरा झाला. जुलैत लावणीला तरव्याच्या मुठी घेऊन बांधावरून जाताना तोच गुडघा निसटला आणि मी शेतात आडवा. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं, आणि आतली गादीही फाटलेली निघाली. पूर्ण तुटलेल्या एसीएलची टोकं सहसा आपोआप जुळत नाहीत, आणि सैल गुडघा गादीला चिरडत राहतो. ते दोन महिने मी फुकट घालवले नव्हते, गुडघा आणखी बिघडवला होता.

ऑक्टोबरात ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून तिथे बसवली. इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण मला ती कुणी वेळेवर सांगितली नाही. बसवलेली शीर पहिल्या दिवसापासून तयार नसते. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, सुरुवातीचे काही महिने ती आधी कमकुवत होते आणि मग शरीर तिला हळूहळू नव्याने घडवतं. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. दुखत नाही म्हणजे तयार झालं, असं नाही.

मार्चमध्ये शिमगा आला. पाच महिने झाले होते. पालखी वाडीत, रात्री लाईट लावून सामने, मैदानावर पाणी मारलेल्या तांबड्या मातीचा तो वास. मला राहवलं नाही. एक चढाई केली, निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) ओलांडून परत आलो, कुणी हातसुद्धा लावला नाही. सकाळी गुडघा नारळाएवढा. शीर वाचली, पण सूज उतरून मांडीत पुन्हा ताकद यायला दोन महिने गेले. गुडघ्यात पाणी झालं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप मंदावतो, कितीही जोर लाव, तो पूर्ण ताकदीने काम करत नाही.

त्यानंतर मी कॅलेंडर बघणं सोडलं आणि मापं घ्यायला लागलो. चिपळूणला पंधरा दिवसांनी एसटीने फिजिओथेरपिस्टकडे जायचो. त्यांनी सांगितलं, घरीच खळ्यात चुन्याची रेघ मार, एका पायावर लांब उडी घे, त्याच पायावर तोल न जाता थांब, आणि माप. उजवा १६२ सेंटीमीटर, डावा ११८. म्हणजे त्र्याहत्तर टक्केसुद्धा नाही, आणि हा गुडघा घेऊन मी शिमग्यात उतरलो होतो! दोन पायांतला फरक दहा टक्क्यांच्या आत यायला हवा, उडीतही आणि मांडीच्या ताकदीतही. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे, म्हणून नऊ महिने हे कमीत कमी समज. उडी मारताना समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढ. अंतर भरलं तरी टेकताना गुडघा आत झुकत असेल तर ती उडी धरायची नाही.

व्यायामाला आमच्याकडे पाखाडी होती, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. चढणं सोपं, खरी परीक्षा उतरताना, एकेक पायरी सावकाश, डाव्या पायावर भार घेत. पाऊस लागला, शेवाळ धरलं की पाखाडी बंद, घरातच उंबऱ्यावर. समुद्रावर पळायचं तर ओहोटीच्या घट्ट पुळणीवर, म्हणजे ओल्या वाळूवर पळ, आणि जाताना जितकं पळशील तितकंच येतानाही, कारण पुळण उतरती असते आणि एकच पाय सतत खाली पडतो.

तू चढाईपटू आहेस, म्हणून तुझ्यासाठी अवघड जागा वेगळी आहे: बोनस. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत, म्हणजे सगळं अंग एका वाकलेल्या गुडघ्यावर, आणि तिथूनच उलटं फिरायचं. तो डावा पाय असेल तर बोनस सगळ्यात शेवटी ठेव. आधी रिकाम्या मैदानात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत नुसतं पदलालित्य, मग निदान रेषेपर्यंत जाऊन परत, मग ओळखीच्या एकाच बचावपटूसमोर अर्ध्या वेगाने.

भीतीबद्दलही विचारलंस. सरावात पहिल्यांदा समोरून चढाई आली तेव्हा माझे हात पुढे गेले आणि पाय मागेच राहिले. अशी अर्धी पकड सगळ्यात वाईट, त्यात तोल कुठेच नसतो. आमच्या संघातला एक पोरगा रोज संध्याकाळी वीस-वीस वेळा सावकाश चढाई करून मला घोटा देत राहिला. महिनाभराने कधीतरी मी गुडघ्याचा विचार न करता झेप घेतली, आणि ते माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. तुझ्या संघात असा कोण आहे ते आत्ताच बघून ठेव.

डिसेंबर २०१८ मध्ये मी पहिला सामना खेळलो, ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी. अजूनही खेळतो.

तुझे नऊ महिने ऑगस्टमध्ये भरतात, आणि तेव्हा पावसामुळे बाहेर कुठलं मैदान नसतंच. पावसाळा मांडीला दे, मापं जुळली तर गणपतीनंतर डॉक्टरांना विचारून सरावाला उतर, दिवाळीनंतर सामने. मे महिन्यातल्या स्पर्धेत गुणलेखकाच्या टेबलावर बस. आणि उद्या सकाळी एकेका पायावर स्थिर उभं राहता येतं का ते बघून, फिजिओला विचारून उडीचं माप घे. आकडे इथेच लिही, मी बघतो.