न विचारता इथे कोणी सांगत नाही

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. "इथली माणसं गोड बोलतात, पण मनात काय आहे ते कळत नाही. रागावत नाहीत आणि शिकवतही नाहीत. मी यांना नकोशी आहे असं वाटायला लागलंय," असं तू लिहिलं आहेस. आपल्याकडून इंग्लंडच्या रुग्णालयांत नुकती आलेली बरीच मुलंमुली मला हेच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तू नकोशी नाहीस. दुसऱ्याच्या कामात न विचारता तोंड घालणं ज्यांना असभ्यपणाचं वाटतं, अशा माणसांत तू आली आहेस. इथल्या बहुतेक रीतीभाती या एका धाग्यानं उलगडत जातात, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आधी वॉर्डमधल्या बारीकसारीक गोष्टी, कारण त्या पहिल्याच आठवड्यात टोचतात. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात ट्रॉली ढकलायला मामा असतात, बाकी उचलठेवीला मावशी असतात. इथे रक्त घ्यायचं तर ट्रे तूच भरायचा, पडदा तूच ओढायचा आणि वापरलेली सुई पिवळ्या डब्यात तूच टाकायची. ती मागे राहिली तर कोणी ओरडणार नाही, पण वॉर्डभर ते कळेल. पोर्टरला आणि साफसफाई करणाऱ्या बाईंना नावानं हाक मार, प्रत्येक वेळी आभार मान. कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डचे वरिष्ठ डॉक्टर, नावानं हाक मारायला सांगतील, तेव्हा जीभ अडखळली तरी मार. सारखं 'सर, सर' केल्यानं ते अवघडतात. सर्जनला मात्र डॉक्टर म्हणू नकोस, ते मिस्टर किंवा मिस असतात. सर्जन म्हणजे पदवी नसलेले, न्हाव्यांच्या संघातले कारागीर, असं एके काळी मानत. त्या काळाची ही खूण सर्जन आज अभिमानानं मिरवतात. आणि चहा करायला उठलीस तर खोलीतल्या सगळ्यांना विचार. एकटीपुरता कप भरून घेतलेला लोकांच्या लक्षात राहतो.

पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचं नाव सांग. केट ग्रेंजर ही यॉर्कशरमधली, वृद्धांवर उपचार करणारी डॉक्टर. तिला कॅन्सर झाला आणि पेशंट म्हणून दाखल झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला तपासायला येणारे कितीतरी जण साधं नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये तिनं 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली, पण तेच शब्द छापलेले बिल्ले आज एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, जागोजागी दिसतात. रोज तिची आठवण ठेवावी अशी ती बाई होती.

आता ज्यानं तुझं खरं अडतंय ते. इथला माणूस संकट लहान करून सांगतो. रात्री दोनला अनुभवी सिस्टरचा फोन येतो: "सहा नंबरच्या आजोबांकडे सवड मिळाली की एकदा बघता का? मला त्यांची जराशी काळजी वाटतेय." आपल्या कानांना यात घाई ऐकूच येत नाही. आपल्याकडे सिस्टर धावत येते आणि "डॉक्टर, आधी चला" म्हणते. इथे आमच्या रुग्णालयात एका नव्या मुलानं असा फोन ठेवला आणि तो डिस्चार्ज समरी लिहीत बसला. मुलगा हुशार, कामाला वाघ. त्यानं जे ऐकलं त्याप्रमाणे तो वागला. सिस्टरनं वाट पाहून थेट रजिस्ट्रारला, म्हणजे त्याच्या वरच्या डॉक्टरला, बोलावलं, तोवर आजोबांचा रक्तदाब ऐंशीच्या खाली गेला होता. आजोबा वाचले. त्या मुलाला कोणी खडसावलं नाही, म्हणून काय चुकलं ते त्याला कळलंही नाही. मी शेजारी बसवून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

तेव्हा सिस्टर "काळजी वाटतेय" म्हणाली की हातातलं टाकून उठायचं, हा नियमच करून टाक. फोनवरच न्यूज स्कोअर विचार, म्हणजे पेशंट किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वासाची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पाच भरले तर तातडीनं बघायचं, सात किंवा वर गेले तर वरिष्ठांना उठवायचंच. मोठ्यानं बोलायला संकोचणाऱ्या समाजाला या आकड्यानं आवाज दिला, असं मला नेहमी वाटतं. आणि रात्री कन्सल्टंटला फोन करायला कचरू नकोस. उठवल्याबद्दल तक्रार करणाऱ्यांपेक्षा, उठवलं नाही म्हणून अस्वस्थ होणारे कन्सल्टंट मी खूप जास्त पाहिले आहेत.

संकट लहान करून सांगायची ही सवय किती खोल आहे ते कोरियन युद्धातल्या एका घटनेवरून कळतं. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीजवळ ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या बटालियनला चिनी फौजेनं चहूबाजूंनी घेरलं. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी आपल्या अमेरिकन वरिष्ठांना सांगितलं, की तिकडे परिस्थिती जरा बिकट आहे. समोर ब्रिटिश अधिकारी असता तर तो हादरला असता. अमेरिकन जनरलला वाटलं, निभावून नेतील. त्या बटालियनमधले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. माणसं शूर होती, कळवणाऱ्यानं खोटंही सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याला ते मोजमाप ठाऊक नव्हतं. तू आज त्या ऐकणाऱ्याच्या जागी आहेस.

तुझ्या वॉर्डातल्या पंच्याऐंशी-नव्वदीच्या आजीबाई याच घडणीच्या. लहानपण युद्धात आणि युद्धानंतरच्या रेशनमध्ये गेलेली ही पिढी. इथलं रेशन १९५४ पर्यंत चाललं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं असतं, आणि विचारलं तर म्हणतात, "थोडं दुखतंय, पण तुम्हाला कितीतरी कामं आहेत." त्यांना नुसतं "दुखतंय का?" असं विचारू नकोस. कुशीवर वळताना काय होतं, रात्री किती वेळा जाग आली, ते विचार. नर्स वळवत असेल तेव्हा तिथे उभी राहा आणि हाताकडे बघ. पलंगाचा कठडा इतका घट्ट धरलेला असतो, की बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. वेदनेचं औषध त्यावरून ठरव, आजींच्या बोलण्यावरून नको.

तुझ्या कन्सल्टंटचंही तसंच. त्यांनी हसून सांगितलं, "प्रयत्न चांगला होता, पुढच्या वेळी सलाइन थोडं आधी सुरू करायचा विचार करून बघ." तू खुशीत घरी फोन केलास, आणि पोर्टफोलिओत, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, मात्र सुधारणेची गरज आहे असं लिहून आलं. तुला ते पाठीमागून वार केल्यासारखं वाटलं. माझ्या मते तसं नाही. दोन्ही ठिकाणी त्यांनी तुला एकच गोष्ट सांगितली होती, पहिल्या वेळी ती तुला ऐकू आली नाही. यापुढे "कसं झालं?" असं मोघम विचारू नकोस, उत्तरही मोघमच येईल. "या केसमध्ये तुम्ही माझ्या जागी असता तर कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या?" असं विचार. मग बघ, हीच माणसं खुर्ची ओढून बसतात, कागदावर आकृती काढून समजावतात, संध्याकाळी एखादा लेख पाठवतात, दुसऱ्या दिवशी प्रोसिजर असली की बोलावून घेतात. मागितल्यावर हात आखडता घेणारे मला इथे फार थोडे भेटले. आपण होऊन हात पुढे करणारे त्याहूनही थोडे.

दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ न करण्याची ही वृत्ती इथल्या कायद्यातही दिसते. इंग्लंड आणि वेल्सचा मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ मिळवून वाच. कोणी शहाणपणाचा नाही असा निर्णय घेतला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं मानायचं नाही, हे त्यातलं एक तत्त्व आहे. तुझ्या वॉर्डातले आजोबा तीनदा पडलेत, घरी जिना अरुंद, आणि तरी ते घरीच जायचं म्हणतात. आपला पहिला विचार असतो मुलाला फोन करण्याचा. इथे आधी आजोबांना विचारायचं, की मुलाशी बोललं तर चालेल का. त्यांना धोका समजतोय, तो तोलता येतोय, हे तू तपासलंस की निर्णय त्यांचा. आपण जिन्याला दुसरा कठडा बसवून द्यायचा, गळ्यात घालायचं अलार्मचं बटण द्यायचं, आणि त्यांना जाऊ द्यायचं. मला हे शिकायला वेळ लागला, पण आज मी याच्या पूर्ण बाजूनं आहे.

नातेवाइकांच्या बाबतीत तुझी खरी परीक्षा होईल, विशेषतः इथल्या भारतीय कुटुंबांत. मुलगा दारातच गाठून सांगतो, "आईला कॅन्सरचं सांगू नका, ती खचेल." त्याचं प्रेम खरं असतं, त्याला झिडकारू नकोस. "किती ऐकायचं ते मी त्यांनाच विचारते," एवढं शांतपणे सांग आणि खरोखर विचार. काही जणी म्हणतात, "सगळं माझ्या मुलालाच सांगा." तीही त्यांची निवडच. २०१५ च्या माँटगोमेरी निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं, की समोरच्या त्या विशिष्ट पेशंटला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो डॉक्टरनं सांगितलाच पाहिजे. डॉक्टरला तो किरकोळ वाटतो, ही सबब पुरत नाही.

आता जे मला आजही पटत नाही ते. माणसाला त्याच्या मर्जीवर सोडता सोडता हा समाज त्याला एकटाही सोडतो. भिंतीला भिंत लागून असलेली घरं, आणि शेजारची म्हातारी चार दिवस दिसली नाही तर बेल वाजवावी की नको याचा संकोच. २०१६ मध्ये हत्या झालेल्या खासदार जो कॉक्स यांनी एकाकीपणाचा प्रश्न हाती घेतला होता. त्यांच्या नावाच्या आयोगानं ते काम पुढे नेलं आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे दिली. तरी एकटी राहणारी प्रत्येक आजी मुलांनी टाकलेली आहे असं समजू नकोस. कित्येकींना मुलाच्या घरी राहणं नको असतं. रविवारी तो आला, जेवला आणि परत गेला की त्या समाधानी असतात. पण ज्यांच्या पलंगाशेजारी भेटीच्या वेळी कोणीच येत नाही, ते तुला दोन दिवसांत ओळखता येतील. राउंड संपला की त्यांच्याजवळ खुर्ची घेऊन पाच मिनिटं बस. पावसापाण्यापासून सुरुवात कर. हवामानाची चौकशी म्हणजे इथे दारावरची टकटक आहे, आत घ्यायचं की नाही ते घरातला ठरवतो. बहुतेक जण घेतात. मग बाग, कुत्रा, खाणीतली नोकरी, गेलेली बायको, सगळं निघतं. या बाबतीत इंग्रजांसारखं व्हायची तुला गरज नाही. वृद्धांवरच्या उपचारांची शाखा इथल्या डॉक्टरांना नको होती, त्या काळात तिचा मोठा भार भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी उचलला. त्यांनी सोबत आणलेली माया या शाखेत मुरली आहे, असं मी मानते.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी लिहिते. गोड बोलण्याआड कधी कधी भेदभावही असतो. जो सगळ्यांशीच तुटक वागतो त्याचा तो स्वभाव. जो फक्त तुझ्याशी तसा वागतो, त्याच्या बाबतीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेव. तुझ्या प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या एज्युकेशनल सुपरवायझरशी बोल. तिथे दाद लागली नाही तर कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणारे फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन असतात, बीएमए ही डॉक्टरांची संघटना असते. पेशंटनं रंगावरून अपमान केला तर मुकाट्यानं गिळू नकोस. तातडीचा उपचार नसेल तर अशा पेशंटला सेवा नाकारण्याची मुभा एनएचएसनं २०२० पासून दिली आहे. ऑगस्ट २०२४ च्या दंगलीत आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना ठेवलेल्या हॉटेलांवर हल्ले झाले, तेव्हा आमच्याकडच्या नर्सना रात्रपाळीला यायची भीती वाटत होती. त्याच आठवड्यात हजारो लोक वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उभे राहिले. मी दोन्ही पाहिलं आहे, तू दोन्ही लक्षात ठेव.

गणपतीला घरी जायचं म्हणतेस, तर अर्ज आत्ताच टाक. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी बहुतेक रेसिडेंट डॉक्टरांची, म्हणजे तुझ्यासारख्या प्रशिक्षणार्थींची, जागा बदलते आणि गणपती त्याच्या मागोमाग येतात. नव्या ठिकाणी हजर झाल्यावर मागशील तर रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, लागून गेलेला असेल. बऱ्याच ठिकाणी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. नव्या रुग्णालयाच्या रोटा कोऑर्डिनेटरचा मेल शोध. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सुट्टी हवी आणि रात्रपाळी आली तर कोणाशी अदलाबदल करशील, ते स्वच्छ लिही. "जमलं तर" हे शब्द त्यात घालू नकोस, ते त्यांच्यासाठी राहू दे. नाहीच मिळाली सुट्टी, तर १९३२ मध्ये स्थापन झालेलं आपलं महाराष्ट्र मंडळ लंडनच्या डॉलिस हिलमध्ये आहे. मी गणपतीतल्या शनिवारी तिथे जाणार आहे. कळव, बरोबर जाऊ.

तुझी,
मावशी