वडिलांचा जुना फोन रीसेट करू का? – माझा अनुभव

वडिलांचा २०१४ चा फोन, अँड्रॉइड ४.४, सारखा हँग होतो, म्हणून फॅक्टरी रीसेट (फोनमधलं सगळं पुसून तो मुळच्या स्थितीत आणणं) करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आत्ता अजिबात करू नका.

रीसेट केला की फोन नव्यासारखा होतो, असं आपण धरून चालतो. पण अँड्रॉइड तेच ४.४ राहतं, त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटीही तशाच राहतात. पुसला जातो तो तुमचा डेटा, आणि त्यासोबत इतक्या वर्षांत आलेले ॲपचे सगळे अपडेट. प्ले स्टोअर, जीमेल वगैरे कंपनीतून निघाले तेव्हाच्या रूपात परत येतात. मधल्या काळात ही ॲप ज्यांच्याशी जोडली जातात ते कंपन्यांचे सर्व्हर मात्र बदललेत. २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगलने याहूनही जुन्या, २.३.७ आणि त्याआधीच्या अँड्रॉइडवर खात्यात लॉगिन करणंच बंद केलं. ४.४ साठी प्ले सर्व्हिसेसचे (गूगलची ॲप ज्याच्या आधाराने चालतात त्या भागाचे) अपडेट २०२३ मध्ये थांबले. व्हॉट्सॲप १ जानेवारी २०२५ पासून त्यावर चालत नाही. म्हणजे आज फोनमध्ये जे चालतंय ते आधी घेऊन ठेवलेलं आहे म्हणून चालतंय. एकदा गेलं की परत मिळेलच असं नाही.

ब्राउझरचंच बघा. अनेक वेबसाइट ज्या प्रमाणपत्रांवर (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल ओळखपत्रांवर) चालतात, त्यांचं नवं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नसतं. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची प्रमाणपत्रं सोबत ठेवतो, म्हणून तो टाकलेला असेल तर जुन्या फोनवरही बऱ्याच साइट उघडतात. रीसेटमध्ये तोही जातो.

मी हे कळकळीने सांगतोय, कारण माझ्या मावशीचा असाच फोन मी स्वतः रीसेट केला होता. फोटो कॉम्प्युटरवर घेतले होते. काका गेले त्याआधी त्यांनी म्हटलेले अभंग तिने रेकॉर्डरवर घेतले होते, ते वेगळ्या फोल्डरमध्ये होते. मी तो फोल्डर पाहिलाच नाही. नंतर दोन दुकानांत दाखवला, काही निघालं नाही. प्ले स्टोअरमध्ये लॉगिनही झालं नाही.

म्हणून आधी केबल लावून फोनची अंतर्गत मेमरी सगळीच्या सगळी कॉपी करा, फक्त फोटोंचा फोल्डर नको. व्हॉट्सॲप उघडत नसलं तरी त्याच्या फोल्डरमध्ये फोटो आणि व्हॉइस मेसेज असतात. कॉन्टॅक्ट एक्स्पोर्ट करून ती फाइल दुसऱ्या फोनवर उघडून बघा, नुसती सेव्ह झाली म्हणून सोडू नका. एसएमएस कॉपीत येत नाहीत. जपण्यासारखे असतील तर स्क्रीनशॉट काढा. ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी दर वेळी नवा कोड देणाऱ्या ॲपचे) कोड त्यावर असतील तर ते खातं आधी दुसऱ्या फोनवर हलवा.

मग रीसेटशिवायचे उपाय. सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली ‘कॅश्ड डेटा’ (ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल) आहे, तो साफ करा. कॉपी झालेले मोठे व्हिडिओ काढा. मेमरी काठोकाठ भरली की हे फोन फार रखडतात, बरेचदा एवढ्यानेच फरक पडतो. मेमरी कार्ड काढून एक दिवस वापरून बघा, खराब कार्डानेही फोन अडकतो.

बँकेचं काही त्यावर ठेवू नका, रीसेट करा वा न करा.

फोन कोणाला द्यायचा असेल तर मात्र रीसेट हवाच. ५.१ किंवा पुढचं अँड्रॉइड असेल तर आधी गूगल खातं काढा, नाहीतर घेणाऱ्याला जुन्या खात्याचा पासवर्ड विचारला जाऊ शकतो.

कॉपी करताना कुठे अडलात तर फोनचं मॉडेल लिहा, मी बघतो.